कुकरच्या शिट्टीला दचकतो, म्हणजे कान ठीक?

मुलांच्या बोलण्याबद्दल आणि अक्षरओळखीबद्दल येणारी बहुतेक पत्रं एकाच वळणाची असतात: मूल बदलतं, आजी बदलते, शंका तीच. यावेळी त्यांतली काही एकत्र घेतली आहेत.

मुलगा २२ महिन्यांचा आहे. ‘मम्’ सोडून शब्द नाही. सासूबाई म्हणतात, ह्याचे वडीलही चौथ्या वर्षी बोलायला लागले. कान ठीक आहेत, कुकरची शिट्टी झाली की दचकतो. आणखी किती वाट पाहू?

एक दिवसही नाही. बाराव्या महिन्यापर्यंत बाबाबा-दादादा आणि बोटाने दाखवणं, सोळाव्यापर्यंत एखादा अर्थपूर्ण शब्द, दोन वर्षांपर्यंत ‘बाबा ये’ अशी दोन शब्दांची जोडी. यातलं एखादं जरी राहिलं, तरी तपासणी करायची. तुमच्या मुलाची ती वेळ होऊन गेली आहे.

आता ती शिट्टी. कुकर, दाराची बेल, खाली पडलेलं ताट हे सगळे दणदणीत आवाज. अर्धवट ऐकू येणारं मूलही त्यांना दचकतं. बोलणं तेवढं मोठं नसतं, आणि त्यातही ‘स’, ‘श’, ‘फ’ हे आवाज अगदी क्षीण. ते निसटले की ‘ससा’ म्हणताना मुलाच्या कानी नुसता ‘आ’ पोचतो. मग ते बोलणार काय? पाठीमागून टाळी वाजवून मान वळली, म्हणून निर्धास्त झालेले कितीतरी पालक मी पाहिलेत. टाळीची हवा लागते, सावली दिसते, मूल वळतं.

‘जन्मल्यावर चाचणी झाली होती, पास होता’ हेही पुरेसं नाही. ऐकणं नंतरही कमी होऊ शकतं. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांत कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं आणि महिनोन्‌महिने कानात बोळा घातल्यासारखं ऐकू येतं. हे टिंपॅनोमेट्रीत, म्हणजे पडद्याची हालचाल मोजणाऱ्या चाचणीत कळतं, दोन मिनिटांत, न दुखता. ओएई (आतल्या कानाचा प्रतिसाद पाहणारी चाचणी) आणि गरज पडली तर झोपेत करायची बेरा (आवाज नसेतून मेंदूकडे पोचतो का हे पाहणारी चाचणी), एवढ्यावर चित्र बरंचसं स्पष्ट होतं. जन्मजात दोष असेल तर पहिल्या महिन्यात चाळणी-चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू हा जगभरचा दंडक आहे. आपल्याकडे मूल तीन वर्षांचं झाल्यावर ‘बालवाडीत घातल्यावर बोलेल’ म्हणून आणखी एक वर्ष काढतात.

खर्चाचं म्हणाल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अशा मुलांसाठी डीईआयसी, म्हणजे लवकर निदान आणि उपचार करणारी जिल्हा केंद्रं सुरू झाली आहेत. मुंबईकरांना वांद्र्याची अली यावर जंग ही वाचा-श्रवणदोषांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. आणि हाक मारल्यावर बघत नसेल, बोटाने दाखवत नसेल, तर तेही बालरोगतज्ज्ञांना स्पष्ट सांगा. वडिलांचं उशिरा बोलणंही सांगा, पण त्याचा दिलासा घेऊ नका.

वाचा फुटावी म्हणून वेखंड-मध चाटवावं का?

नाही. एक वर्षाच्या आत मध तर मुळीच नाही.

घरी मराठी, शाळा इंग्रजी. बालवाडीतल्या बाई म्हणतात, घरीही इंग्रजीच बोला, नाहीतर गोंधळेल.

दोन भाषांनी मूल गोंधळत नाही, मोडक्या भाषेत वाढल्याने त्याचं शब्दधन मात्र खुंटतं. तुम्हाला ज्या भाषेत रागावता, चिडवता, गोष्ट रंगवता येते तीच बोला. दोन्ही भाषा मिळूनही शब्द कमी वाटत असतील, तर आधी कान तपासा.

चार वर्षांच्या मुलीसाठी फ्लॅशकार्ड आणि टॅबचा संच पाहिला. ‘९० दिवसांत वाचन’ असं सांगतात. घ्यावा का?

ते पैसे पुस्तकांवर घाला. कार्ड पाहून ‘कमळ’ म्हणणं हे वाचन नव्हे, पाठांतर आहे. वाचनाआधी आवाज सुटे ओळखता यायला हवेत, आणि त्यासाठी आपल्याकडे शब्दांच्या भेंड्या आहेत, फुकट. ‘कमळ’चा शेवट कशाने झाला? ‘ळ’ने शब्द सुरू होत नाही, मग भांडण, मग ‘ल’ चालवून घेणं: यातच ती किती ऐकते बघा. रोज तेच पुस्तक मागितलं तर तेच वाचा, ओळीवर बोट फिरवत, आणि मध्येच थांबून ‘मग काय झालं?’ विचारा. मटार सोलणं, कणकेचे गोळे करणं यानेही पेन्सिल धरणाऱ्या बोटांना बळ येतं. आणि टॅब? दोन ते पाच वयाला पडदा दिवसाला जास्तीत जास्त तासभर, तोही मोठ्यांसोबत. दोनच्या आत नाहीच.

साडेचार वर्षांची मुलगी ‘ळ’ला ‘ल’ म्हणते, काही अक्षरं उलटी काढते.

या वयात चालतं. सहा-सातनंतरही राहिलं तर दाखवा. अनोळखी माणसाला तिचं बोलणं कळत नसेल तर आत्ताच.

साडेतीन वर्षांचा मुलगा ‘म-म-मला’ असं अडखळतो. टोकलं तर सुधारेल?

टोकू नका. ‘हळू बोल’ही म्हणू नका, वाक्य त्याच्या वतीने पुरं करू नका. तुम्ही सावकाश बोला. घरात कुणी अडखळणारं असेल, किंवा हे सहा महिन्यांहून जास्त टिकलं, तर वाचा-उपचारतज्ज्ञांना भेटा. तो बोलायला घाबरू लागला असेल, तर सहा महिनेही थांबू नका.