लाल रेघ मारण्याआधी

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

पगार घटल्यावर तू पाठवलेला घरखर्चाचा तक्ता दोनदा वाचला. एकदा मोबाइलवर, आणि मग मुलीला सांगून कागदावर छापून घेतला. हातात पेन्सिल असल्याशिवाय मला हिशेब वाचताच येत नाही, जुनी खोड. बेचाळीस ओळी आहेत. त्यातल्या अकरा तू लाल केल्यास आणि खाली लिहिलंयस, "काका, एवढं कापलं तर भागतंय. नजर टाका."

भागतंय खरं. बेरीज बरोबर आहे. पण त्या अकरा ओळींकडे मी बराच वेळ बघत बसलो. आरोग्य विम्याचा हप्ता, आईची सहामाही तपासणी, गाडीचं सर्व्हिसिंग, पाण्याच्या फिल्टरची दुरुस्ती, सूनबाईंच्या दाताचं काम, वाचनालयाची वर्गणी... यातली एकही ओळ तुझ्याशी भांडणार नाही. म्हणूनच ती कापली गेली.

विम्याचा हप्ता भरला नाहीस तर त्या दिवशी घरात काहीही होत नाही. पंखा फिरतो, दिवे लागतात, सगळे वेळेवर झोपतात. तेच इंटरनेट तासभर बंद पडू दे, तीन माणसं तीन खोल्यांतून बाहेर येतात. घरात ओरडणारे खर्च असतात आणि मुके खर्च असतात. हात आखडायची वेळ आली की माणूस मुक्यांवर सुरी चालवतो, कारण तिथं प्रतिकार नसतो. तुझ्या तक्त्यात तेच झालंय. चार ठिकाणच्या सबस्क्रिप्शन जशाच्या तशा आहेत, नव्या फोनचा हप्ता तसाच आहे, आणि दाताला मात्र "पुढे ढकलला" असा शेरा.

तुला नावं ठेवत नाही. मीही हेच केलंय, आणि हिशेबखात्यात नोकरी करत असताना केलंय.

आमची कंपनी तेव्हा अडचणीत होती, सहा-सात महिने अर्धा पगार मिळत होता. गच्चीला एक बारीक चीर गेली होती. गवंड्यानं पाहून सांगितलं, आत्ता भरून घ्या, दोन दिवसांचं काम आहे. मी वहीत त्या ओळीवर रेघ मारली आणि शेजारी "पुढच्या वर्षी" असं लिहिलं. त्या पावसाळ्यात काहीच झालं नाही. मला वाटलं, बघा, वाचवले की नाही! दुसऱ्या पावसाळ्यात कपाटामागच्या भिंतीचा रंग फुगून आला, बोट लावलं की पापुद्रा हातात यायचा. मग एका रात्री बटण दाबल्यावर स्विचबोर्डातून चर्र असा आवाज आला. भिंत खरवडली, गिलावा नवा केला, त्या खोलीची सगळी वायर बदलली. चीर भरायला जे लागलं असतं त्याच्या किती पट गेलं ते मी वहीत लिहिलं नाही. हिशेबनीस माणूस मुद्दाम एक ओळ कोरी ठेवतो, यावरून काय ते समज.

तेव्हापासून मी "हे गरजेचं आहे का?" हा प्रश्न विचारणं सोडून दिलं. तो प्रश्न फसवा आहे. दोन्ही बाजूंनी वकिली करता येते. चष्मा गरजेचा आहे आणि फोनही गरजेचाच, विचार कोणालाही. त्याऐवजी मी विचारतो, हे आज बंद केलं आणि उद्या परत सुरू करायचं ठरवलं, तर काय लागेल?

सिनेमे-मालिकांची सबस्क्रिप्शन परत सुरू करायला दोन मिनिटं लागतात. बंद असतानाच्या महिन्यांचा दंड नाही. वाचनालयाचंही तसंच, फार तर प्रवेशशुल्क पुन्हा. आरोग्य विमा? एकदा पॉलिसी खंडित झाली की नवी घेताना वय वाढलेलं असतं, मधल्या काळात जडलेलं दुखणं जाहीर करावं लागतं, आणि बहुतेक पॉलिसींमध्ये आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ, म्हणजे ज्यात त्या आजारांचा खर्च मिळत नाही तो काळ, पहिल्या दिवसापासून पुन्हा मोजला जातो. म्हणजे तू एका वर्षाचा हप्ता वाचवत नाहीस, मागे भरलेल्या वर्षांवर पाणी सोडतोयस. वर्षाचा हप्ता एकदम झेपत नसेल तर तिमाही होतो का ते विचार, रक्कम थोडी कमी करून बघ, पण साखळी तोडू नकोस. दाताचंही गणित हेच. कीड वरवर आहे तोवर भरून भागतं. ती दाताच्या आतल्या नसेला भिडली की रूट कॅनाल आणि वर कॅप. दात काही तुझ्या पगारवाढीची वाट बघत थांबत नाही.

या एका प्रश्नानं तुझ्या अकरांपैकी सहा ओळींचा लाल रंग जाईल असा माझा अंदाज आहे. मग खड्डा भरायचा कुठून, ते आता सांगतो.

आधी किराणा. तू तिथं लाल रंगात उद्गारचिन्ह टाकलंयस, कारण 22 टक्क्यांवरून तो 29 टक्क्यांवर गेला. अरे, किराणा वाढलेलाच नाही. पगार चौथ्या हिश्श्यानं घटला, म्हणजे शंभराचे पंचाहत्तर झाले. बावीस भागिले पंचाहत्तर करून बघ, एकोणतीस येतात. छेद लहान झालाय, बाकी काही नाही. एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञानं 1857 साली कुटुंबांचे जमाखर्च तपासून हेच मांडलं होतं: मिळकत जितकी कमी, तितका तिचा मोठा हिस्सा खाण्यावर जातो. तेव्हा त्या ओळीवरून घरात कोणाला बोलू नकोस. वाया काय जातं ते जरूर बघ, पण पोटाला चिमटा काढून तुझा खड्डा भरणार नाही.

दुसरं, दात कोरून पोट भरत नाही. तू लिहिलंयस की आता खोलीतला दिवा चालू राहिला की तू मुलाला रागावतोस. एक हिशेब सांगतो. 2000 वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट वीज जाते. त्याच एका युनिटमध्ये 9 वॅटचा एलईडी दिवा 111 तास जळतो, म्हणजे साडेचार दिवसांहून जास्त, तोही रात्रंदिवस. मुलाला दिवा बंद करायची सवय लाव, चांगली सवय आहे. पण बिल कमी करायचं असेल तर गीझरच्या बटणापाशी जा, आणि ते बटण बहुधा मोठी माणसंच विसरतात.

बाकीच्या तक्त्यालाही हेच लागू आहे. घरभाडं शंभरातले तीस भाग खातंय. करमणूक चार. करमणूक निम्मी केलीस तर दोन भाग वाचतील, आणि त्यासाठी घरातल्या प्रत्येकाला रोज मन मारावं लागेल. भाड्यात दहा टक्के कमी झाले तर तीन भाग वाचतील, आणि त्यासाठी एकदा घरमालकासमोर बसून अवघड बोलावं लागेल. नाही म्हणतील, काय बिघडलं? वेळेवर भाडं देणारा, कटकट न करणारा भाडेकरू गमावणं त्यांनाही परवडत नाही, हे लक्षात ठेवून बोल. माणसं रोज दहा वेळा मन मारतात, पण एकदा तोंड उघडायला लाजतात. ही लाज तुझ्या तक्त्यात कुठल्याच ओळीत दिसत नाही, पण सगळ्यात महाग तीच पडते.

आता सतराव्या ओळीबद्दल. "कार्ड – मिनिमम भरतोय." क्रेडिट कार्डाची ही ओळ तू काळीच ठेवलीस, जणू ती शहाण्यासारखी वागतेय. समजा शंभर थकले आहेत, व्याज महिन्याला तीन टक्के आणि मिनिमम पाच. तू पाच भरतोस, त्यातले तीन व्याजात जातात, मूळ रक्कम कमी होते फक्त दोनाने. आणि काहीच भरलं नाहीस तर त्या शंभराचे वर्षात 142 हून जास्त होतात, दोन वर्षांत दुपटीच्या वर. लोक बारा त्रिक छत्तीस म्हणून सोडून देतात, व्याजावरचं व्याज धरत नाहीत. ही थकबाकी फेडणं म्हणजे तुला मिळू शकणारी सगळ्यात चांगली गुंतवणूक समज. एवढा खात्रीचा परतावा दुसरीकडे कुठेही मिळणार नाही. एखाद्या महिन्याचा वरखर्च निघेल इतकी शिल्लक बाजूला ठेव आणि बाकी जे काही वाचेल ते आधी इथं ओत. कार्ड काही दिवस पाकिटातून काढून कपाटात टाक. फोनमध्ये साठवलेलं असेल तर तिथूनही काढ, नाहीतर कपाटाचा उपयोग नाही.

जिमची वार्षिक वर्गणी ठेवण्यामागे तू कारण दिलंयस, "पैसे भरलेच आहेत." भरलेत ते गेले. प्रश्न पुढच्या वर्षीच्या नूतनीकरणाचा आहे, आणि ते तू ऑटो-पेवर ठेवलंयस. 2006 साली अमेरिकेतल्या दोन अर्थतज्ज्ञांनी तीन जिमच्या सभासदांच्या हजेरीचा अभ्यास प्रसिद्ध केला. महिन्याची वर्गणी भरणाऱ्यांना प्रत्येक खेपेमागे दहा खेपांच्या पासाच्या तुलनेत सत्तर टक्क्यांहून जास्त पैसे पडत होते, कारण ते ठरवलं तितक्या वेळा जातच नव्हते. आपण वर्गणी भरताना जो माणूस डोळ्यांसमोर आणतो तो पहाटे पाचला उठणारा असतो. वर्गणी मात्र दुसऱ्याच माणसाच्या खात्यातून जाते. मागच्या तीन महिन्यांत किती वेळा गेलास ते मोज आणि भागाकार कर. चार सबस्क्रिप्शनचंही असंच करून बघ. सगळ्यांचं ऑटो-पे बंद कर. ज्याची आठवण येईल तेवढंच सुरू कर. दोनांची कोणाला आठवणही येणार नाही, लिहून ठेव.

एवढं झालं की उरते ती गोष्ट, जी लिहिताना माझा हात थोडा अडखळतोय.

ते अर्ध्या पगाराचे महिने संपले तेव्हा मला माझ्या वहीचा फार अभिमान वाटत होता. एकाही महिन्यात उसनवारी केली नाही. ऑफिसात दोघातिघांना मी ती वही दाखवलीसुद्धा. आणि मग एके दिवशी दुपारी तुझ्या काकूला मी खिडकीत उभी पाहिली. गोळ्यांची पट्टी उजेडाकडे धरून, कधी डोळ्यांजवळ नेत, कधी हात लांब करत, ती नाव वाचायचा प्रयत्न करत होती. नाही जमलं तेव्हा तिनं मुलीला हाक मारली. मुलगी म्हणाली, "आई, रोजच काय गं!" म्हणजे हे रोजचं होतं. चष्म्याचा नंबर बदलून दीड वर्ष झालं होतं. तिनं सांगितलं नव्हतं, आणि माझ्या वहीत ती ओळच नव्हती. मी नंतर वही उलटून पाहिली. माझं वर्तमानपत्र चालू होतं. माझी दाढीची साहित्यं ठरलेल्या दुकानातून येत होती. बंद झालेल्या जवळपास सगळ्या गोष्टी तिच्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्या तिनं स्वतःहून, मला न विचारता बंद केल्या होत्या.

वही ज्याच्या हातात, त्याचे खर्च सहसा वाचतात. तू वाईट नवरा किंवा वाईट मुलगा आहेस म्हणून नाही. स्वतःच्या गरजेची कारणं आपल्याला तोंडपाठ असतात, दुसऱ्याची विचारावी लागतात. तुझ्या अकरा लाल ओळींत आईच्या दोन आहेत, सूनबाईंच्या तीन. तुझी एक, तीही वाचनालयाची, आणि तू तिथं गेल्या वर्षी एकदाच गेला होतास हे तूच मला मागे सांगितलं होतंस.

म्हणून हा तक्ता एकट्यानं नको. येत्या रविवारी तिघं बसा, मुलगा समजण्याइतका मोठा आहे, त्यालाही घ्या. छापलेला कागद मध्ये ठेव आणि पेन्सिल आईच्या हातात दे. ती आधी म्हणेल, माझं काही नाही, माझं सगळं बंद केलंत तरी चालेल. ते खरं मानू नकोस. प्रत्येकानं एक खर्च असा सांगायचा की ज्याच्याबद्दल वर्षभर कोणी चकार शब्द काढणार नाही. लहानसा असला तरी चालेल. मुलाला काय हवं ते ऐकून तुला आश्चर्य वाटेल, बहुधा तू समजतोस त्यापेक्षा ते स्वस्त निघेल.

आणि तक्त्यात दोन रकाने वाढव. एकात "परत सुरू करायला काय लागेल", दुसऱ्यात "हे कोणाचं". वर्षातून एकदाच येणारे खर्च, म्हणजे विमा, सर्व्हिसिंग, शाळेची फी, बारानं भागून दर महिन्यात टाक, म्हणजे ते अचानक दारात उभे राहिल्यासारखे वाटणार नाहीत. मग पाठव. दाताची अपॉइंटमेंट त्याआधी घेऊन टाक, त्यासाठी माझ्या उत्तराची वाट बघू नकोस.

तुझा,
काका

ता. क. – एकतिसाव्या ओळीत "इतर" म्हणून सात टक्के टाकलेस. तीस वर्षं खतावण्या तपासल्यात मी. ते सात कशाचे आहेत, फोड करून लिही.