मॅगझिन हलतं, गोळी अडकते : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे .22 ची सेमी-ऑटो, म्हणजे पुढची गोळी आपोआप चढवणारी रायफल आहे, गोळ्या भरायची मॅगझिन दोन. एक टक्कन बसतं आणि मस्त चालतं. दुसरं बसतं पण खाली-वर हलतं आणि तिसऱ्या-चौथ्या गोळीला हमखास जॅम होतं, गोळीचं नाक चेंबरच्या (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते ती जागा) खालच्या कडेवर आपटून तिथेच रुततं. ओळखीचा एकजण म्हणतोय की रॅम्प, म्हणजे गोळी चेंबरमध्ये चढते तो उतार, घासून गुळगुळीत करून देतो. करून घेऊ का?

उत्तर : अजिबात नको, कृपा करून कानस रायफलीला लावू देऊ नका. उत्तर तुम्हीच प्रश्नात लिहिलंय, एक मॅगझिन मस्त चालतंय ना, मग रायफलीचा काय दोष? रॅम्प एकदा घासला की ते मटेरियल परत येत नाही आणि मग चालणारं मॅगझिनसुद्धा अडकायला लागलं तर कुठे जाणार.

आधी दोन्ही मॅगझिनवर मार्करने 1, 2 असे नंबर टाका आणि प्रत्येक जॅम कुठल्या नंबरला झाला, कितव्या गोळीला झाला ते वहीत लिहा. एकाच नंबरला होतंय तर मॅगझिन, सगळ्यांना होतंय तर रायफल किंवा गोळ्या. एवढं केलं तरी अर्धं काम होतं, पण लोक नेमकं हेच करत नाहीत.

आता हलण्याचं. रायफल रिकामी करा, म्हणजे मॅगझिन काढा, बोल्ट (गोळी चेंबरमध्ये ढकलणारा सरकता भाग) मागे ओढा, चेंबरमध्ये डोळ्याने बघा आणि बोटानेही चाचपा. मग रिकामं मॅगझिन लावून अंगठ्याने खालून वर दाबा. किती उचललं जातंय? जरासं सगळ्यातच उचललं जातं, पण चालणाऱ्या मॅगझिनपेक्षा स्पष्ट जास्त असेल तर ते खाली लटकतंय. एक मिलिमीटरसुद्धा पुरतो, बोल्ट गोळीच्या मागच्या कडेला पूर्ण पकडण्याऐवजी वरच्या वर घासून जातो, मग गोळी सरळ पुढे न जाता नाक खाली घालते. तुम्हाला दिसतंय ते बहुतेक हेच.

दोन्ही मॅगझिन उजेडात शेजारी शेजारी धरा आणि जिथे कॅच, म्हणजे मॅगझिन धरून ठेवणारा रायफलीचा खटका, अडकतो ती खाच बघा. प्लास्टिकची असेल तर झिजलेली कड गोल आणि चकचकीत दिसते, चांगली असेल तर धारदार चौकोनी. मग वरचे लिप्स (गोळ्या आत धरून ठेवणाऱ्या वळलेल्या कडा) बघा, दोन्ही बाजू सारख्या उंचीच्या आहेत का, कुठे बारीक तडा आहे का. मॅगझिन सिमेंटवर उलटं पडलं की मार लिप्सनाच बसतो. पक्कडने वाकवून बघू का असं पुढे विचाराल, तर नाही, एकदा थोडंसं वाकवलं की मग दर आठवड्याला वाकवत बसाल. मॅगझिन ही झिजणारी वस्तू आहे, नवीन घ्या.

लिप्स आणि खाच ठीक असतील तर मॅगझिन खोलून फॉलोअर, म्हणजे स्प्रिंगवर बसून गोळ्या वर ढकलणारा तुकडा, बघा. .22 च्या शिशाच्या गोळीवर मेणासारखं वंगण असतं, ते आणि जळलेल्या पावडरची काजळी मिळून आत चिकट थर बसतो आणि फॉलोअर वर यायला आळस करतो. कोरड्या ब्रशने आणि कापडाने साफ करा, आत तेल सोडू नका, तेलावर अजून कचरा बसतो.

आणि भरताना एक लक्षात ठेवा. ही .22 लाँग रायफल गोळी 1887 सालची, सेमी-ऑटो .22 यायच्या आधीची, हिच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. सरळ उभ्या मॅगझिनमध्ये वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेच्या पुढेच हवी, मागे राहिली तर पुढे सरकताना दोन्ही कडा एकमेकींत अडकतात. घाईत भरलं की हेच होतं.

प्रश्न : एआर-15 रायफलीचं 30 गोळ्यांचं मॅगझिन पूर्ण भरलं की बोल्ट बंद असताना बसतच नाही, बसलं असं वाटतं आणि पहिल्या फायरनंतर गळून पडतं.

उत्तर : बंद बोल्ट वरच्या गोळीला खाली दाबतो आणि भरलेल्या स्प्रिंगला दबायला जागाच उरत नाही, म्हणून कॅच लागत नाही. 28 भरा. आणि लावल्यावर नेहमी खाली ओढून बघा, हातात आलं तर लागलंच नव्हतं. 28 भरूनही पडत असेल तर कॅच आणि त्याची स्प्रिंग तपासून घ्या.

प्रश्न : मधेच एखादी गोळी फुस्स वाजते, पुंगळी बाहेर पडत नाही, मी बोल्ट ओढून पुढची लावतो. मॅगझिन बदलू का?

उत्तर : हे आधी थांबवा, मॅगझिनचं नंतर बघू. फुस्स आवाज आला म्हणजे पावडर नीट जळली नाही आणि शिसं नळीतच अडकलेलं असू शकतं, त्याच्यामागे दुसरी गोळी सोडली तर नळी फुटू शकते, तुमचा हात आणि डोळे तिथेच असतात. रायफल सुरक्षित दिशेला ठेवून अर्धा मिनिट थांबा, मॅगझिन काढा, चेंबर रिकामं करा, मग क्लीनिंग रॉड घालून नळी आरपार मोकळी आहे का बघा. रॉड मधेच अडला तर ठोकाठोकी न करता गनस्मिथकडे न्या, आणि त्या डब्यातल्या उरलेल्या गोळ्या वापरू नका.