खिडकी मावेना, बटण सापडेना

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्याच्या आगेमागे अनेकांनी विंडोज ११ टाकून घेतलं, आणि या सदराकडे आलेल्या पत्रांत एकच तक्रार फिरून फिरून दिसते: प्रोग्रामच्या खिडक्या पडद्यात मावत नाहीत. त्यातली काही पत्रं आणि उत्तरं.

प्रश्न : परभणीच्या मोंढ्यात आमची आडत आहे. १४ इंची लॅपटॉपवर हिशोबपट्टीचा दहा-बारा वर्षं जुना प्रोग्राम चालतो. विंडोज ११ नव्याने टाकल्यापासून पट्टीची खिडकी खाली टास्कबारमागे जाते आणि 'सेव्ह'चं बटण दिसेना. कॉम्प्युटरवाला म्हणतो, फॉरमॅट मारावा लागेल. मारावा का?

उत्तर : मारू नका. फॉरमॅटनंतर हीच अडचण जशीच्या तशी परत येईल, वर हिशेबाचा डेटा जायची धास्ती.

आधी आजच्या पट्ट्या निघू द्या. खिडकी समोर असताना ऑल्ट धरून स्पेस दाबा. डाव्या कोपऱ्यात छोटा मेनू उघडेल. 'मूव्ह'साठी एम दाबा आणि वरचा बाण धरून ठेवा. खिडकी वर सरकत जाईल. मथळ्याची पट्टी पडद्याबाहेर गेली तरी चालेल. बटण दिसलं की एंटर. हेच माउसने ओढून करायला गेलात तर जमत नाही, कारण मथळा वर दिसेनासा झाला की विंडोज खिडकी पुन्हा खाली आणून ठेवतं. 'मूव्ह' फिकट दिसत असेल तर खिडकी पूर्ण पसरलेली आहे, आधी आर दाबून ती मोकळी करा. आणि कीबोर्ड मराठीवर असेल तर एम, आर ही अक्षरं मेनूला कळत नाहीत. विंडोज की आणि स्पेस दाबून इंग्रजी करा, नाहीतर बाणाने 'मूव्ह'पर्यंत जा. काही जण टॅब दाबत अंदाजाने बटणावर जाऊन एंटर मारतात. हिशेबाच्या प्रोग्रामात हा धंदा नको. 'सेव्ह'शेजारीच 'डिलीट' असतं.

आता कारण. तुमच्या लॅपटॉपचा पडदा बहुधा १९२० बाय १०८० ठिपक्यांचा असेल. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले इथे जाऊन 'स्केल' पाहा, म्हणजे अक्षरं आणि खिडक्या किती पट मोठ्या दाखवायच्या तो आकडा. १४ इंची पडद्यावर हे ठिपके फार बारीक पडतात, म्हणून विंडोज बऱ्याचदा १५० टक्के स्केल सुचवतं आणि लावूनही टाकतं. पूर्वी कुणीतरी हाताने १०० किंवा १२५ केलेलं असणार. नव्याने विंडोज टाकताना तो आकडा पुसला गेला. १५० टक्क्यांना १०८० भागिले दीड, म्हणजे प्रोग्रामला ७२० एवढीच उंची मिळते. त्यातून विंडोज ११ चा टास्कबार ४८ घेतो (विंडोज १० चा ४० घ्यायचा). उरले ६७२. तुमचा प्रोग्राम लिहिला तेव्हा १०२४ बाय ७६८ चा पडदा गृहीत धरलेला असणार. त्याची ७०० उंचीची खिडकी ६७२ मध्ये कशी बसेल? आणि कापला जातो तो नेमका खालचा भाग, जिथे बटणं असतात.

स्केल १२५ केलंत की उंची ८६४ होते, टास्कबार वजा जाता ८१६. खिडकी मावते. आकडा बदलल्यावर प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा, आणि एकदा साइन आउट होऊन या. तोवर जुने प्रोग्राम आधीच्याच मापाने वागतात. पडदा १३६६ बाय ७६८ चा असेल तर स्केल १०० च ठेवा. तिथे १२५ ला टास्कबार वगळून जेमतेम ५६६ उंची उरते.

'पण १०० ला अक्षर दिसत नाही' ही पुढची तक्रार ठरलेली. त्यासाठी दोन वाटा. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत 'टेक्स्ट साइज' आहे, तो ११५ किंवा १२० करा. त्याने विंडोजची आपली अक्षरं मोठी होतात, खिडक्यांचं माप तसंच राहतं. मात्र तुमच्या हिशेबाच्या प्रोग्रामची अक्षरं त्याने वाढतीलच असं नाही. दुसरी वाट 'कस्टम स्केलिंग'मध्ये ११० किंवा ११५ लिहिण्याची. इथे जपून. १०० ते ५०० मधला कुठलाही आकडा ती चौकट घेते. घाईत ३०० पडले तर सेटिंग्जची खिडकीच पडद्यात मावायची नाही.

इतर सगळं १५० ला ठीक वाटतं आणि फक्त हा एकच प्रोग्राम नडतो, असं असेल तर त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज'. तिथल्या शेवटच्या चौकटीत टिक करून यादीतून 'अ‍ॅप्लिकेशन' निवडा. म्हणजे विंडोज त्या खिडकीला ताणत नाही. सध्या अक्षरं पुसट, धुरकट दिसत असतील तर विंडोज चित्र ताणतंय हे नक्की, आणि हा उपाय लागू पडण्याची शक्यता जास्त. पण व्हिज्युअल बेसिक ६ या जुन्या प्रोग्रामिंग भाषेच्या काळातल्या प्रोग्रामांत कधीकधी याने आकडे रकान्याबाहेर सांडतात किंवा खिडकी मोठीच राहते. तसं झालं तर टिक काढा आणि सरळ सगळ्याचंच स्केल कमी करा. थोडक्यावरच अडत असेल तर टास्कबार आपोआप लपेल असं ठेवा, ४८ ची उंची फुकट मिळते.

प्रश्न : अंबाजोगाईला सेवा केंद्र चालवतो. मशीन जुनं आहे, दुकानदाराने अटी वगळून विंडोज ११ बसवून दिलं. आता सगळंच अवाढव्य दिसतं. स्केल १०० च आहे. रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ वर अडकलंय, बदलताच येत नाही.

उत्तर : तुमचा रोग वेगळा. स्केलला हात लावू नका. स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि 'डिस्प्ले अडॅप्टर्स'खाली काय लिहिलंय ते पाहा. 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असं दिसलं तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावरचं चित्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसलेलाच नाही; विंडोज कामचलाऊ ड्रायव्हरवर पडदा ओढतंय. विंडोज अपडेट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, ऑप्शनल अपडेट्स, तिथे ड्रायव्हरच्या यादीत ग्राफिक्सचं काही असेल तर टिक करून उतरवा आणि मशीन रिस्टार्ट करा. नसेल तर मदरबोर्ड किंवा लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर मॉडेल क्रमांकाने विंडोज १० चा ड्रायव्हर शोधा. तो बऱ्याचदा चालतो. विंडोज ११ ची अट इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासून पुढची आहे, त्यामुळे त्याआधीच्या मशीनसाठी नवा ड्रायव्हर निघेल याची वाट पाहू नका. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणारी फुकट सॉफ्टवेअर तर नकोच. त्याच मशीनवर लोकांची कागदपत्रं आणि तुमची डिजिटल सही असते.

ड्रायव्हरचं नाव बरोबर दिसतंय आणि तरी १०२४ च? मग केबल बघा. निळ्या तोंडाच्या व्हीजीए केबलमध्ये १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून मॉनिटर आपलं माप संगणकाला कळवतो. पिन वाकली, तुटली, किंवा एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर हलका असला की ती माहिती पोचत नाही आणि विंडोज सावध माप धरतं. दुसरी केबल कुणाकडून तरी मागून आणून लावून पाहिल्याशिवाय मॉनिटर बदलू नका.

प्रश्न : हिंगोली जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेत ५५ इंची टीव्हीला लॅपटॉप जोडतो. विंडोज बदलल्यापासून टीव्हीवर चारही कडा कापल्या जातात, आणि खिडक्याही भल्यामोठ्या.

उत्तर : यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत. कडा कापणं हा टीव्हीचा गुण आहे, त्याला ओव्हरस्कॅन म्हणतात. टीव्हीच्या रिमोटने पिक्चर सेटिंगमध्ये 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' किंवा 'फुल पिक्सेल' शोधा. कंपनीनुसार नाव बदलतं. या भागात विंडोज निर्दोष आहे.

खिडक्यांचं म्हणाल तर फोर-के टीव्ही दिसला की विंडोज कधीकधी ३०० टक्के स्केल सुचवतं, कारण टीव्ही लांबून पाहिला जातो असं ते धरतं. ३८४० बाय २१६० ला ३०० म्हणजे कामाला १२८० बाय ७२० एवढंच. विंडोज की आणि पी दाबून 'एक्स्टेंड' करा, डिस्प्ले सेटिंगमध्ये टीव्हीच्या चौकटीवर क्लिक करून फक्त त्याचं स्केल २०० वर आणा. शेवटच्या बाकावरच्या मुलाला वाचता येतंय का ते उभं राहून पाहा, न आल्यास २२५ किंवा २५०. 'डुप्लिकेट' ठेवलंत तर दोन्ही पडद्यांना एकच माप वाटून घ्यावं लागतं आणि कुणालाच ते नीट बसत नाही.

प्रश्न : उदगीरला लग्नपत्रिकांचं डीटीपी करतो. आमचं उलटं झालं. नव्या फोर-के मॉनिटरवर जुन्या प्रोग्रामची हत्यारं मुंगीएवढी दिसतात.

उत्तर : तो प्रोग्राम 'मला स्केल कळतं' असं विंडोजला सांगतो, पण त्याची चित्रं ठरावीक ठिपक्यांची आहेत. वर सांगितलेल्या त्याच 'हाय डीपीआय'च्या चौकटीत या वेळी 'सिस्टिम' निवडा. आयकॉन मोठे होतील, थोडे पुसट दिसतील. 'सिस्टिम (एन्हान्स्ड)' अक्षरं जास्त रेखीव ठेवतं, मात्र काही प्रोग्रामांत रेषा तुटक दिसतात. पत्रिकेच्या किनारीचं काम असेल तर साधं 'सिस्टिम' बरं.

प्रश्न : कंटाळून विंडोज १० परत आणावं म्हणतो. येईल का? (जालना)

उत्तर : १० वरून थेट अपग्रेड केलं असेल आणि १० दिवस उलटले नसतील तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथे 'गो बॅक' मिळेल. 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर कुणी जागा करायला उडवला असेल तर ते बटण चालणार नाही. आधी डेटा पेन ड्राइव्हवर घ्या. लॅपटॉप असेल तर पूर्ण चार्ज, डेस्कटॉप असेल तर इन्व्हर्टरवर. मध्येच लाईट गेली तर दोन्हीतलं एकही विंडोज सुरू होईल याची खात्री नाही.