टोमॅटोला फुलं येतात, फळ धरत नाही

प्रश्न : गच्चीत बारा कुंड्या आहेत. फेब्रुवारीच्या शेवटी टोमॅटोची रोपं लावली. एप्रिलमध्ये ती फुलांनी डवरली, पण सगळी फुलं गळाली. मार्चमध्ये पेरलेल्या कोथिंबिरीला वीतभर होण्याआधीच तुरे आले. खत-पाणी वेळेवर चालू आहे. कुठं चुकतंय?

उत्तर : तुमच्या निगराणीत काही कमी नाही, लावण्याची वेळ चुकली आहे. गळालेलं एक फूल उचलून बघा. देठाच्या मध्ये बारीक गाठीसारखा सांधा दिसेल. फळ धरणार नसेल तर देठ तिथंच पिवळा पडतो आणि नुसतं बोट लागलं तरी फूल हातात येतं. दिवसा पारा ३५ अंशांच्या वर आणि रात्रीही उकाडा, असं असलं की टोमॅटोचे परागकण निकामी होतात. अशा वेळी खत वाढवू नका. नत्रानं पाला माजेल, फळ येणार नाही.

मी वहीत आधी फुलाचा महिना लिहिते आणि तिथून मागं मोजत येते. टोमॅटोचं फूल नोव्हेंबरच्या गारव्यात हवं. बियांपासून लावण्याजोगं रोप व्हायला २५ ते ३० दिवस, लावल्यावर फुलायला साधारण महिना. म्हणजे बी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीला, पावसाचा मारा लागणार नाही अशा जागी टाकायचं. वांगी-मिरचीला एवढं काटेकोर राहावं लागत नाही, टोमॅटोला मात्र राहावंच लागतं.

कोथिंबिरीचं उलटं आहे. तिथं आपल्याला फूल नकोच असतं, पण ऊन तापलं आणि दिवस मोठा झाला की ती घाईनं दांडा काढते. वरची पानं बडीशेपेसारखी बारीक झाली की समजायचं, आता पाला संपला. म्हणून ऑक्टोबर ते जानेवारी, दर पंधरा दिवसांनी एकेक कुंडी पेरा. सगळ्या कुंड्या एकदम पेरल्या तर सगळ्या एकदमच संपतात. धणा हे दोन बियांचं जोडफळ आहे. वाटीच्या बुडानं हलकं रगडून त्याची दोन दळं करा, भुगा नको. उगवायला आठ-दहा दिवस लागतात. पाचव्या दिवशी माती उकरून बघण्याचा मोह मात्र आवरा, कितीतरी कोवळे मोड त्यातच मोडतात.

मेथी, पालक, मुळा, गाजर, वाटाणाही त्याच थंडीतले. गाजर-मुळ्याचं रोप करून हलवू नका, मुळं वेडीवाकडी होतात. उन्हाळ्यात त्याच कुंड्यांत गवार, चवळी, माठ आणि भेंडी घ्या, ही उष्णतेत खुशीनं वाढतात. भेंडीचं बी रात्रभर भिजवून थेट कुंडीत टोचा. ४५-५० दिवसांत तोडा सुरू होतो. मातीवर वाळक्या पाल्याचा चार बोटं थर द्या, ओल टिकते.

प्रश्न : पावसाळ्यात लावलेल्या दोडक्याला महिनाभर नुसती फुलंच येत आहेत. वेल उपटू का?

उत्तर : मुळीच नको! आधी नरफुलं येतात, मादीफुलं मागून. मादीफुलाच्या मागं बोटाच्या पेराएवढा दोडका आधीच दिसतो. तो पिवळा पडून गळत असेल तर परागीभवन होत नाहीये. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, त्यामुळे सकाळी प्रयत्न करून उपयोग नाही. दिवेलागणीला ताजं नरफूल तोडा, पाकळ्या मागं वळवा आणि मधला पिवळा भाग मादीफुलाच्या आत हळूच टेकवा. तीन-चार दिवसांत तो पेराएवढा दोडका लांबू लागला, की जमलं.