सिडनी का मेलबर्न? फक्त खाण्यापिण्यापुरतं बोलायचं तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन्ही शहरांत नोकरीची ऑफर आहे, पगार जवळजवळ सारखा, पत्नी शाकाहारी, तुम्ही मासे-मटण खाणारे, मुलगी सात वर्षांची. पुण्यात आठवड्यातून दोनदा बाहेर जेवायची सवय आहे आणि ती सोडायची नाही. तर कुठलं शहर?

या प्रश्नावर इथले लोक हमरीतुमरीवर येतात. पण भांडण बहुतेक वेळा दोन्ही शहरांच्या मध्यभागांचं असतं, आणि तिथे तुम्ही राहणार नाही. शाळा, दोन-तीन खोल्यांचं घर आणि भाडं यांचा मेळ घालताना सिडनीत तुम्ही वेस्टमीड, पॅरामाटा, वेंटवर्थव्हिल या पट्ट्यात याल. मेलबर्नमध्ये पश्चिमेला टार्नीट, पॉइंट कुक, वेरिबी, नाहीतर आग्नेयेला क्लेटन, डँडेनाँग. म्हणून तुलना या उपनगरांची करा. माझं मत स्पष्ट आहे: मध्यभाग बघाल तर मेलबर्न सरस, उपनगरं बघाल तर सिडनी.

मेलबर्नचा मध्यभाग सरस का, याला कारणं आहेत. मेलबर्नच्या व्हिक्टोरिया राज्यात दारूच्या परवान्यांचे नियम फार जाचक होते. 1986 मध्ये न्यूवेनहायझन अहवाल आला, त्यावरून 1987 चा कायदा झाला, आणि पुढच्या काही वर्षांत लहान जागेलाही परवडेल असा परवाना मिळू लागला. त्यामुळे फ्लिंडर्स लेन, डिग्रेव्ह्ज स्ट्रीट, हार्डवेअर लेन अशा बोळांत वीस-तीस खुर्च्यांची ठिकाणं तग धरू शकली. सिडनीत छोट्या बारना परवडेल असा परवाना 2008 मध्ये आला. वर 2014 मध्ये मध्यवस्तीत रात्री दीडनंतर बारमध्ये नव्याने प्रवेश बंद करणारे कडक नियम लागले, ते 2020-21 मध्ये उठले. मधल्या काळात तिथली रात्र आटली ती पूर्ण भरून आलेली नाही.

दुसरं कारण ट्रामचं. सिडनीने आपल्या ट्राम 1961 पर्यंत काढून टाकल्या, मेलबर्नने ठेवल्या. मेलबर्नची ट्राम दुकानांच्या रस्त्यावरूनच जाते, म्हणून खाण्याचे रस्तेही तिच्या कडेने वाढले. 19 नंबर सिडनी रोडवर (नाव सिडनीचं, रस्ता मेलबर्नचा; लेबनीज आणि तुर्की खाणं), 86 स्मिथ स्ट्रीटवर, 11 ब्रन्सविक स्ट्रीटवर, 109 रिचमंडच्या व्हिक्टोरिया स्ट्रीटवर, जिथे ओळीने व्हिएतनामी हॉटेलं आहेत. एका ठिकाणी जागा नसेल तर दोन स्टॉप पुढे जायचं. मध्यभागाच्या ठरलेल्या चौकटीत ट्रामला तिकीट लागत नाही, आणि शुक्रवार-शनिवार रात्रभर गाड्या असतात. सिडनीच्या लोकल मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत बंद, त्यांच्या जागी बस.

पण टार्नीटला राहून हे सगळं किती वेळा वापराल? टार्नीटचं स्टेशन 2015 मध्ये झालं, मात्र तिथे शहराची लोकल जात नाही, जिलाँगकडची डिझेल गाडी जाते, आणि ऑफिसच्या वेळी ती खच्चून भरलेली असते. ब्रन्सविक स्ट्रीटला जायचं तर गाडी, मग ट्राम: जाऊन-येऊन दोन तास सहज. मुलीला घेऊन गुरुवारी संध्याकाळी हे कोणी करत नाही. मग राहतं ते पार्किंगच्या भोवती बांधलेलं शॉपिंग सेंटर, त्यातलं एक डोसा-बिर्याणीचं, एक पिझ्झाचं आणि एक चार्कोल चिकनचं दुकान. भारतीय खाणं तिथे भरपूर मिळतं आणि बरंही असतं, पण विखुरलेलं. डँडेनाँगला फॉस्टर स्ट्रीटवर लिटिल इंडिया आहे आणि जवळच थॉमस स्ट्रीटवर अफगाण बाजार. पश्चिमेकडून मात्र ते शहराच्या दुसऱ्या टोकाला पडतं.

सिडनीच्या पश्चिमेचं तसं नाही. तिथे लोकलच्या एकेका स्टेशनाबाहेर एकेका देशाचं जेवण आहे. हॅरिस पार्कच्या विग्राम स्ट्रीटवर जुन्या बैठ्या घरांची हॉटेलं झाली आहेत, व्हरांड्यात टेबलं मांडलेली. जवळच स्टेशन स्ट्रीट ईस्टवर शाकाहारी चाटची आणि वडापावची सोय आहे. शुक्रवारी-शनिवारी साडेसातला गेलात तर पाऊण तास थांबावं लागेल, सव्वासहाला गेलात तर लगेच टेबल. हॅरिस पार्कला जलद गाड्या थांबत नाहीत, पॅरामाटाला उतरून पंधरा मिनिटं चाललेलं बरं. पॅरामाटाच्या चर्च स्ट्रीटवर दोन्ही बाजूंना खाण्याची ठिकाणं आहेत आणि डिसेंबर 2024 पासून वेस्टमीडहून तिथे लाइट रेल (नव्या पद्धतीची ट्राम) जाते. ग्रॅनव्हिल लेबनीज कोळशावरच्या कोंबडीसाठी, ऑबर्न तुर्की आणि अफगाणी, ॲशफील्ड शांघायकडच्या डंपलिंगसाठी, ईस्टवूड कोरियन आणि चिनी. काब्रामाटाचा जॉन स्ट्रीट व्हिएतनामी. 1975 नंतर आलेल्या निर्वासितांची वसतिगृहं त्या भागात होती, लोक तिथून बाहेर पडले ते शेजारीच स्थिरावले. मेलबर्नमधल्या स्प्रिंगव्हेलचंही मूळ हेच. रमजानमध्ये लकेंबाच्या हॅल्डन स्ट्रीटचा रात्रबाजार चुकवू नका, फक्त तिथली जुनी रेल्वे लाइन मेट्रोत बदलण्यासाठी सप्टेंबर 2024 मध्ये बंद केली, तेव्हा निघण्याआधी ॲपवर मार्ग बघा.

आता पत्नीच्या शाकाहाराबद्दल जरा सविस्तर, कारण पंचाईत इथेच होते. मेन्यूवर ‘व्ही’ लिहिलं म्हणजे मांस नाही इतकंच, अंडं त्यात धरलेलं असतं. ‘व्हीगन’ लिहिलं असेल तर अंडं आणि दूध दोन्ही नाही. थाई आणि व्हिएतनामी भाज्यांच्या पदार्थांत फिश सॉस, चिनी हिरव्या भाजीवर ऑयस्टर सॉस, मलेशियन भाजीत सुकटीची पेस्ट, सूपमध्ये कोंबडीचं पाणी आणि इटालियन परमेजान चीजमध्ये वासराच्या जठरातलं, दूध साकळवणारं रेनेट: हे सगळं ‘भाजीचं’ म्हणून समोर येऊ शकतं. ‘मी व्हेजिटेरियन आहे’ एवढं सांगून भागत नाही. ‘फिश सॉस, ऑयस्टर सॉस, चिकन स्टॉक, अंडं चालत नाही’ अशी यादी फोनवर टाइप करून ठेवा आणि ऑर्डर देतानाच दाखवा. बटाट्याचे चिप्स कशात तळतात तेही विचारा, काही ठिकाणी गाईची चरबी वापरतात. व्हिएतनामी हॉटेलच्या पाटीवर ‘चाय’ शब्द असेल तर ते बौद्ध पद्धतीचं शाकाहारी जेवण. तिथला फो (नूडल्सचं सूप) निर्धास्त खावा.

शाकाहारी माणसाला या दोन शहरांत सर्वात मोठा शोध इथिओपियन जेवणाचा लागतो, आणि त्यात मेलबर्न पुढे आहे. फूट्सक्रेला निकोल्सन स्ट्रीटच्या आसपास अशी हॉटेलं आहेत. तिथे बेयायनेतू मागवा. इथिओपियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात, त्या दिवशी मांस, अंडं, दूध, तूप काहीच नाही, म्हणून उपासाचं ताट पूर्ण वनस्पतींचं. टेफ या धान्याचं आंबवलेलं पीठ, त्याची मोठी, जाळीदार, आंबूस इंजेरा ताटभर पसरलेली. वर मसूरडाळीची तिखट मिसिर, कोबी-गाजर, पालेभाजी आणि मधोमध शिरो. शिरो म्हणजे भाजलेल्या चण्याचं पीठ मसाल्यात शिजवलेलं, पिठल्याचा सख्खा भाऊ. दोघांना एक ताट पुरतं. ‘फास्टिंग’ हा शब्द सांगून मागा, नाहीतर रोजच्या शिरोत मसाल्याचं लोणी असू शकतं. दोन्ही शहरांत सकाळसाठी लेबनीज बेकरीतला जातर (रानटी ओवा-तिळाचा मसाला) लावलेला गरम मनूश, म्हणजे चपटा पाव, हाही असाच निर्धोक आणि स्वस्त.

तुमच्यासाठी मासे. मेन्यूवर सगळीकडे दिसणारा बॅरामंडी म्हणजे आपल्या अलिबाग-पेणकडचा जिताडा, बहुतेक मत्स्यशेतीतला. स्पॅनिश मॅकरल म्हणजे सुरमई. सँड व्हायटिंग मुडदुशीच्या जवळचा. घरी करायला सिडनीचा फिश मार्केट मोठा. मेलबर्नमध्ये क्वीन व्हिक्टोरिया मार्केट (सोमवारी आणि बुधवारी बंद), प्रेस्टन किंवा फूट्सक्रे मार्केट. पापलेट, बोंबील भारतीय दुकानांत गोठवलेले मिळतात, त्यावर समाधान मानावं लागतं.

खास मराठी जेवण मिळेल ही अपेक्षा दोन्हीकडे कमी ठेवा. मिसळ आणि वडापाव चाटवाल्यांकडे असतात, मिसळ बरेचदा फक्त शनिवार-रविवारी, म्हणून फोन करून जा. थालीपीठ, भरली वांगी, पुरणपोळी घरगुती डबेवाल्यांकडून. त्यांचे पत्ते महाराष्ट्र मंडळाच्या लोकांकडून कळतात. कौन्सिलची नोंदणी आहे ना, एवढं विचारून घ्या.

पुण्याची वेळ इथे चालत नाही. बऱ्याच ठिकाणी किचन रात्री साडेआठ-नऊला शेवटची ऑर्डर घेतं, सव्वानऊला पोचाल तर खुर्ची मिळेल पण जेवण नाही. सोमवारी, कधी मंगळवारीही, अनेक हॉटेलं बंद. नाव असलेल्या ठिकाणी सहाची आणि आठची अशा दोन बैठका असतात, सहावाल्यांनी पावणेआठला उठायचं. बुकिंग करताना कार्डाचा नंबर घेतात, आयत्या वेळी आला नाहीत तर माणशी दंड कापतात. रविवारी साधारण 10 टक्के आणि सुट्टीच्या दिवशी 15 टक्के सरचार्ज लागतो, कारण त्या दिवशी कामगारांना कायद्याने जास्त मजुरी द्यावी लागते. तो मेन्यूच्या तळाशी लिहिलेला असतो. जीएसटी किमतीतच धरलेला, टिप द्यायलाच हवी असं नाही. ‘बीवायओ’ लिहिलं असेल तर वाइनची बाटली घरून न्या, उघडून द्यायचे थोडे पैसे घेतात. डिसेंबरच्या नाताळपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत कितीतरी ठिकाणं मालकासकट सुट्टीवर जातात.

खर्चाचा ढोबळ अंदाज: कॉफी 5 ते 6 डॉलर, मसाला डोसा 16 ते 20, फो 16 ते 20, बान मी (व्हिएतनामी सँडविच) 9 ते 13, बऱ्या हॉटेलात एक मुख्य पदार्थ 30 ते 45. या बाबतीत दोन शहरांत म्हणण्यासारखा फरक नाही. फरक घरभाड्यात आहे, सिडनी महाग, आणि महिन्याला किती वेळा बाहेर जेवाल हे त्यावरच ठरेल. मिशेलिनचे तारे शोधू नका, ते ऑस्ट्रेलियात दिले जात नाहीत. इथे गुड फूड गाइडच्या ‘हॅट’ चालतात, एक ते तीन.

ठरवण्याआधी एक करा. दोन्ही ऑफिसचे पत्ते घ्या, घर बघताय ती दोन-दोन उपनगरं घ्या आणि प्रवासाच्या ॲपमध्ये गुरुवार रात्री साडेदहाची परतीची वेळ टाका. चाळीस मिनिटांच्या आत घरी पोचता येईल अशी खाण्याची किती ठिकाणं त्यात बसतात ते मोजा. वेस्टमीडवरून हा आकडा मोठा येईल, टार्नीटवरून लहान. मेलबर्नच ठरलं तर टार्नीटऐवजी फूट्सक्रेच्या जवळ, निदान वेरिबी लाइनवर घर बघा. घर थोडं लहान मिळेल, पण पश्चिमेच्या गाड्या फूट्सक्रेवरूनच जातात आणि कामावरून येताना तिथे उतरून जेवून पुढची गाडी पकडता येते. सिडनी ठरलं तर पहिले दोन-तीन आठवडे पॅरामाटाला तात्पुरतं राहा आणि रोज संध्याकाळी वेगळ्या स्टेशनावर उतरा. तेवढ्यात घर कुठल्या लाइनवर घ्यायचं हे तुमचं तुम्हालाच कळेल.