शासनमान्य ठेकेदाराचं लायसन्स

प्रश्न : ताई, नमस्कार. मी निवृत्त परिचारिका आहे. धायरीला आमचा दीड गुंठ्याचा प्लॉट होता, त्यावर तळमजला आणि वर एक मजला असं घर बांधलं. यजमान नाहीत, मुलगा सॅन होजेला. त्यामुळे ठेकेदाराच्या कार्डावर ‘शासनमान्य’ वाचून मला धीर आला. ‘विथ मटेरियल’ काम, चौरस फुटाला २,१०० रुपये. एकूण ४१ लाख ठरले, ३८ देऊन झाले. आर्किटेक्ट ठेकेदारानेच आणला, मी त्यांना एकदाच पाहिलं. भोगवटा पत्र मिळालं आणि गेल्या वर्षी फेब्रुवारीत राहायला आले.

पहिल्याच पावसात वरच्या बेडरूमचं छत गळलं. हॉलच्या भिंतींना खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा आहेत. प्लास्टरवर टिचकी मारली की मडक्यासारखा पोकळ आवाज येतो. मागच्या छज्ज्याचा खालचा पोपडा पडला, आतल्या गंजलेल्या सळया दिसतात. ठेकेदार म्हणतो, “आधी बाकीचे तीन लाख टाका, मग माणूस पाठवतो.” मुलगा म्हणतो, तिकडे बोर्डाकडे तक्रार केली की लायसन्स जातं. ह्या माणसाचं लायसन्स रद्द कसं करायचं? पैशांपेक्षा मला तेच हवंय.
– एक वाचक, धायरी

उत्तर : लायसन्सचं नंतर बोलू. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त बोचलेलं वाक्य छज्ज्याचं आहे, आणि तुम्ही ते ओघात लिहून टाकलंय.

आजच मागच्या बाजूला जा, छज्ज्याच्या खाली उभं न राहता लांबूनच बघा, की दिसणाऱ्या सळया कुठल्या दिशेने जातात. भिंतीला समांतर असतील तर बहुधा निष्काळजीपणा आहे : खाली कव्हर ब्लॉक ठेवले नाहीत, सळई थेट सेंटरिंगच्या फळीवर टेकली, तिच्याखाली काँक्रीट आलंच नाही. पण सळया भिंतीतून निघून बाहेरच्या टोकाकडे जात असतील, तर मामला वेगळा. छज्जा एकाच बाजूने धरलेला असतो, त्याचा ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून त्याचं मुख्य स्टील वर असावं लागतं. ते खालून दिसत असेल तर काँक्रीट ओतताना गडी त्यावरून चालले आणि सळया दबून तळाला गेल्या, असा माझा पहिला संशय राहील. असा छज्जा सांगून पडत नाही. खालून टेकू लावून घ्या आणि तिथली कपड्यांची दोरी काढा. (मागे दोरी असतेच. पुण्यात छज्ज्याखाली दोरी नाही असं घर मी पाहिलेलं नाही.)

हे मी इतक्या खात्रीने सांगते कारण माझ्याच हातून झालंय. १९९४ साली कोथरूडच्या एका घराचं स्ट्रक्चरल डिझाइन माझं होतं. बाल्कनीचा स्लॅब भरायच्या दिवशी मला ताप होता. फोनवर विचारलं, “स्टील ड्रॉइंगप्रमाणे आहे ना?” तिकडून “हो मॅडम” आलं आणि दुसऱ्या दिवशी मी तपासणीच्या कागदावर सही केली. वरचं स्टील चालून चालून दोन इंच खाली गेलं होतं. बाल्कनी वाकली. पडली नाही, नशीब. ती तोडून पुन्हा भरण्याचा खर्च मी उचलला, पण त्या सहीबद्दल मला कुणीही, कधीही जाब विचारला नाही. तुमच्या प्रश्नाची ग्यानबाची मेख इथेच आहे.

आता लायसन्स. तुमच्या ठेकेदाराकडे रद्द करण्यासारखं काही नाही. महाराष्ट्रात खासगी घर बांधून द्यायला ठेकेदाराला कसबाचा म्हणून कुठलाही परवाना लागत नाही. उद्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने “बांधकामं घेतो” म्हटलं, तर त्याची परीक्षा घेणारं कुणी नाही. ‘शासनमान्य’ म्हणजे बहुतेक वेळा सार्वजनिक बांधकाम विभागाकडची नोंदणी. ती सरकारी टेंडर भरण्यासाठी असते. कितीपर्यंतचं काम घेता येईल त्यावरून वर्ग ठरतो. सरकारी कामात घोळ केला तर खातं त्याला काळ्या यादीत टाकू शकतं. धायरीच्या बंगल्याशी त्या नोंदणीचा संबंध नाही. एका साइट ऑफिसात तर मी लॅमिनेट केलेलं जीएसटीचं प्रमाणपत्र गणपतीच्या फोटोशेजारी टांगलेलं पाहिलंय, आणि घरमालक त्याकडे बोट दाखवून मला सांगत होते, “लायसन्सवाला आहे!”

तुमचा मुलगा म्हणतो ते त्याच्या गावी खरं आहे. कॅलिफोर्नियात ठेकेदारांना लायसन्स देणारं राज्याचं मंडळ आहे. ठेकेदाराला २५,००० डॉलरचा बॉण्ड ठेवावा लागतो, आणि निकृष्ट कामासाठी ते मंडळ लायसन्स निलंबित किंवा रद्द करू शकतं. इथे तशी खिडकीच नाही, मग रांग कुठे लावणार?

इथे परवाना असतो तो कागदावर सही करणाऱ्यांना. नकाशा सादर करणारा आर्किटेक्ट, महापालिकेचा परवाना असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर, साइट सुपरवायझर. धायरी २०१७ मध्ये महापालिकेत आली, तुमचं भोगवटा पत्र त्यानंतरचं. म्हणजे ते मिळण्याआधी कुणीतरी ‘इमारत संरचनेच्या दृष्टीने सुरक्षित आहे, काम माझ्या देखरेखीखाली झालं’ अशा अर्थाचं लिहून दिलेलं असणार. गंमत बघा : ज्याला तुम्हाला शिक्षा करायचीय त्याला परवाना नाही, आणि ज्यांना परवाना आहे त्यांना तुम्ही ओळखतही नाही.

तेव्हा आधी त्यांची नावं काढा. महापालिकेच्या बांधकाम विकास विभागाकडे तुमच्या घराच्या मंजूर फायलीच्या प्रती मागा. मालक म्हणून मिळायला हव्यात. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये फी, ३० दिवसांची मुदत. बांधकाम परवानगी, जोते तपासणीचा कागद, स्ट्रक्चरल ड्रॉइंग आणि स्थिरतेचं प्रमाणपत्र एवढं हवं. स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि सुपरवायझर यांच्याविरुद्धची तक्रार महापालिका आयुक्तांच्या नावे करायची, कारण परवाना तिथला आहे. आर्किटेक्टची नोंदणी असते १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याखाली, दिल्लीच्या वास्तुकला परिषदेकडे. व्यावसायिक गैरवर्तन सिद्ध झालं तर परिषद समज देऊ शकते, नोंदणी निलंबित करू शकते किंवा नाव कमी करू शकते.

तक्रारीत “फसवलं हो” लिहू नका. “अमुक तारखेच्या प्रमाणपत्रात देखरेख केल्याचं म्हटलंय, मी रोज साइटवर होते, ही व्यक्ती एकदाच आली, छज्ज्याचं स्टील ड्रॉइंगमध्ये वर आहे, प्रत्यक्षात खाली आहे” असं लिहा. ड्रॉइंगशेजारी फोटो लावा. आमच्या व्यवसायात शिक्के भाड्याने देणारे लोक आहेत, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. अशा एका कागदाला ते जितके घाबरतात तितके वकिलाच्या नोटिशीला घाबरत नाहीत. मात्र यातून तुम्हाला एक रुपयाही मिळणार नाही, हे धरून चाला.

पैशांची वाट वेगळी. “पैशांपेक्षा तेच हवंय” असं तुम्ही लिहिलंत, पण ३८ लाख हे परिचारिकेच्या पगारातून साठलेले आहेत, ते मी सोडू देणार नाही. रेराकडे, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या स्थावर मालमत्ता प्राधिकरणाकडे, जाऊ नका. स्वतःच्या प्लॉटवर स्वतःसाठी बांधलेल्या घराला तो कायदा लागू नाही. तुमची जागा जिल्हा ग्राहक आयोग. घरबांधणी ही सेवा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सांगितलं, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही सेवेच्या व्याख्येत घरबांधणी आहे. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. तुमच्या रकमेला फी १,००० रुपये. मुदत दोन वर्षांची. ती कधीपासून मोजायची यावर वकील तासभर भांडू शकतात, म्हणून तुम्ही ताबा घेतल्याच्या तारखेपासूनच मोजा आणि त्याच्या आत दाखल करा. ठेकेदाराबरोबर त्या सह्या करणाऱ्यांनाही सामनेवाले करा.

दाखल करण्याआधी डागडुजी करू नका. ही चूक निम्मे लोक करतात. पाहुणे यायचेत म्हणून पुट्टी भरतात, रंग मारतात, आणि मग आयोगापुढे दाखवायला गुळगुळीत भिंत उरते. गळतीवर ताडपत्री टाका, छज्ज्याला टेकू द्या, बाकी आहे तसं राहू दे. ठेकेदाराशी संबंध नसलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून अहवाल घ्या. शिवाजीनगरच्या सीओईपी या अभियांत्रिकी विद्यापीठाकडून किंवा एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडून चाचण्या करून घेता येतात. नुसत्या हॅमर टेस्टवर थांबू नका, ती फक्त पृष्ठभागाचा टणकपणा सांगते. शंका असेल तिथे कोअर काढायचा, म्हणजे काँक्रीटची नळकांडी कापून ती दाबून फोडायची. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे कोअरची सरासरी अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्के आणि कुठलाही एक कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नको. आरसीसीला एम-२० पेक्षा कमी ग्रेड चालत नाही. ही वाक्यं अहवालात आली की “आमच्याकडे असंच करतात” हे उत्तर संपतं.

सगळ्याच भेगांना घाबरू नका मात्र. खिडकीच्या कोपऱ्यातून निघणारी तिरकी भेग बहुधा लिंटेल, म्हणजे खिडकीवरची आडवी तुळई, दोन्ही बाजूंना पुरेसा आत न नेल्याची असते. बीम आणि भिंत जिथे भेटतात तिथली आडवी भेग म्हणजे जाळी न मारता केलेलं प्लास्टर. पोकळ आवाज म्हणजे भिंत न भिजवता, घाईत मारलेलं प्लास्टर आणि वर पाणी न मारणं. हे बहुतेक वेळा खर्चाचं असतं, जिवावरचं नाही. कॉलमला उभी भेग आणि तिच्यातून गंजाचा डाग दिसला तर मात्र त्याच दिवशी इंजिनिअरला बोलवा. छत गळतंय ते कोब्याचं पाप. कोबा झाल्यावर गच्चीत दोन दिवस पाणी कोंडून कुणी बघितलं होतं का, आठवा.

तुमचा करार दोन ओळींचा असेल, असतोच. काळजी नको. एस्टिमेट, बँकेच्या नोंदी, सिमेंट कुठलं येणार यावरची व्हॉट्सअ‍ॅपवरची बोलणी, हाच तुमचा करार. नवा फोन घेतलात तरी जुना पुसू नका. ती बोलणी पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडायला तो लागेल. राहिलेले तीन लाख द्यायचे नाहीत, पण गप्पही बसायचं नाही : “दोष दुरुस्त होईपर्यंत रक्कम रोखली आहे” असं नोंदणी केलेल्या स्पीड पोस्टाने कळवा, दोषांची यादी लावा, पंधरा दिवस द्या. पोलीस चौकीत जाऊन दिवस घालवू नका, “दिवाणी मामला” ऐकून परत याल.

आयोगाने निकाल तीन महिन्यांत, चाचणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात, दोन पावसाळे धरा. पण आदेश होऊनही ठेकेदाराने तो पाळला नाही तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं तुरुंगवास किंवा किमान २५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तुम्हाला हवी ती शिक्षा या दारानेच मिळू शकते.

प्रश्न : आमचा बाणेरला फ्लॅट आहे. ताबा घेऊन साडेतीन वर्षं झाली. बाथरूमच्या भिंतीतून शेजारच्या खोलीत ओल येते. बिल्डर म्हणतो, करारात वॉटरप्रूफिंगची गॅरंटी एकच वर्षाची आहे. खरं का?
– एक वाचक, बाणेर

उत्तर : करारात असेल, कायद्यात नाही. रेराच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या किंवा कारागिरीच्या दर्जातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा. नाही केला तर भरपाई. बिल्डरचं एक वर्ष या पाच वर्षांपुढे टिकत नाही. ईमेल आणि नोंदणी केलेलं स्पीड पोस्ट दोन्हीने लिहा, ओलीचे तारखेसकट फोटो जोडा. ३० दिवस उलटले की महारेराकडे ऑनलाइन तक्रार, फी ५,००० रुपये.

एक विचारते, राग मानू नका : मधल्या काळात बाथरूमच्या टाइल्स बदलल्यात का, किंवा गीझरसाठी भिंत खणली का? तसं असेल तर बिल्डर पहिलं बोट तिथेच ठेवेल. केलं असेल तर कुठे, कधी आणि कुणाकडून, हे पत्रात तुम्हीच आधी लिहून टाका.