स्लो कुकरमध्ये स्वस्त आणि पोटभरीचं बीन सूप कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की मिशिगनमध्ये शिकायला आला आहात, आधीच्या भाडेकरूने मागे सोडलेला सहा क्वार्टचा (साधारण साडेपाच लिटरचा) स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं, घरात आहे, दिवसभर लॅबमध्ये असता आणि संध्याकाळी परतल्यावर गरम, पोटभर आणि स्वस्त असं काहीतरी तयार हवंय. प्रेशर कुकर नाही आणि घ्यायचाही नाही. मी इथे बरीच वर्षं राहते आणि हिवाळाभर हे सूप करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी लाल राजम्याबद्दल. भिजवलेला पण न उकळलेला लाल राजमा थेट स्लो कुकरमध्ये कधीही टाकू नका. त्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं द्रव्य असतं. कच्चे चार-पाच दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होऊ शकतात. आपल्याकडे याची चर्चा होत नाही, कारण आपण राजमा प्रेशर कुकरमध्ये शिट्ट्या काढून शिजवतो आणि तिथे प्रश्नच मिटतो. स्लो कुकरचं तसं नाही. तो तासन्‌तास हळूहळू तापतो आणि कित्येक कुकर 'लो'वर ७५-८० अंश सेल्सिअसच्या आसपासच रेंगाळतात. तेवढ्या तापमानाला दाणा मऊ होतो, पण विष जात नाही, उलट वाढतं. म्हणजे चव घेऊन 'शिजलं की' म्हणाल आणि तिथेच फसाल. उपाय सोपा आहे. किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेकून द्या आणि ताज्या पाण्यात गॅसवर खळखळून उकळा. १०० अंशांवर १० मिनिटांत ते निष्प्रभ होतं, पण अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन ३० मिनिटं उकळायला सांगतं, म्हणजे प्रत्येक दाणा आतपर्यंत तापल्याची खात्री राहते. मी ३० मिनिटंच धरते. पांढऱ्या किडनी बीन्समध्ये, ज्यांना इथे कॅनेलिनी म्हणतात, हे द्रव्य लाल राजम्याच्या साधारण एक तृतीयांश असतं. तरी मी सगळ्याच बीन्सना उकळी देते. वेगवेगळे नियम लक्षात ठेवण्यापेक्षा ते बरं.

आता बीन्स कुठले घ्यायचे? पहिल्यांदा करताना नेव्ही बीन्स किंवा ग्रेट नॉर्दर्न. दोन्ही पांढरे, सालीला पातळ आणि शिजल्यावर स्वतःच रस दाट करणारे. नेव्ही बीन्स तुमच्या मिशिगनमध्येच भरपूर पिकतात. पिंटोही छान, त्यावरचे ठिपके बघून साताऱ्याकडच्या माणसाला कोरेगावचा वाघ्या घेवडा आठवेल. (त्या घेवड्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. घेवडा, राजमा, नेव्ही, पिंटो, ब्लॅक बीन ही सगळी एकाच जातीची भावंडं, मूळची अमेरिका खंडातली.) एक पौंडाची, म्हणजे साडेचारशे ग्रॅमची कोरडी पिशवी साध्या दुकानात दीड-दोन डॉलरला मिळते. ती शिजून साधारण सहा कप बीन्स होतात, म्हणजे चार डब्यांएवढे. डबाबंद बीन्स सोयीचे आहेत, पण ते आधीच शिजलेले असतात. त्यांना आठ तास स्लो कुकरमध्ये ठेवण्यात काही अर्थ नाही, लगदा होतो. स्लो कुकर असेल तर कोरडेच घ्यावेत.

या यंत्राचा जन्मच मुळी बीन्ससाठी झालाय, हे कळल्यापासून मला ते जास्त आवडायला लागलं. शिकागोच्या आयर्विंग नॅक्सन या संशोधकाला १९४० मध्ये त्याचं पेटंट मिळालं. त्याच्या आईने त्याला लिथुआनियातल्या व्हिल्नाची गोष्ट सांगितली होती: शुक्रवारी संध्याकाळी ज्यू घरांतून चोलंट नावाच्या रश्शाची भांडी गल्लीतल्या बेकरीत नेऊन ठेवायची, शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवायची नसल्यामुळे भट्टीच्या उतरत्या आचेवर ती रात्रभर शिजायची आणि शनिवारी घरी यायची. त्या चोलंटमध्ये बीन्स असतात. नॅक्सनच्या यंत्राचं नावही 'बीनरी' होतं. १९७० मध्ये कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि १९७१ मध्ये तेच यंत्र 'क्रॉक-पॉट' म्हणून बाजारात आणलं. पुढे लोकांनी त्यात अख्खी कोंबडी, चीज डिप, काय काय शिजवलं. पण बीन्स त्यात जसे होतात तसं दुसरं काही होत नाही, असं माझं ठाम मत आहे. कोंबडीची तर त्यात चिंधी होते.

बरं, आता कृती. आदल्या दिवशी सकाळी निघताना एक पौंड बीन्स निवडून (खडे निघतात, इथेही), धुऊन, दोन लिटर पाण्यात दीड टेबलस्पून मीठ विरघळवून त्यात भिजत घाला. हो, मीठ. 'मीठ घातलं की कडधान्य शिजत नाही' हे आपण सगळ्यांनी घरी ऐकलंय, पण भिजवण्याच्या पाण्यात मिठाचा उलट फायदा होतो. सालीतल्या पेक्टिनला (पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारा पदार्थ) कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात, मिठातलं सोडियम त्यांची जागा घेतं आणि साल मऊ पडते. दाणा फुटत नाही, साल घशाला लागत नाही. संध्याकाळी आल्यावर ते पाणी ओता, बीन्स धुवा, ताज्या पाण्यात अर्धा तास उकळा, निथळून डब्यात भरा आणि फ्रिजमध्ये ठेवा. कांदा, गाजरंही तेव्हाच चिरून ठेवा. सकाळी फक्त कुकरमध्ये टाकायचं. बीन्स स्लो कुकरच्या भांड्यातच ठेवून ते भांडं फ्रिजमध्ये ढकलू नका. ते मातीचं असतं, गारठलेलं भांडं एकदम तापलं की तडकतं.

सकाळी: उकळलेले बीन्स, एक मोठा कांदा, दोन गाजरं, सेलरीच्या दोन दांड्या (नसेल तर अडत नाही), पाच-सहा लसूण पाकळ्या ठेचून, एक तमालपत्र, दहा-बारा मिरे आणि सात-आठ कप पाणी. किटलीतलं गरम पाणी घातलं तर कुकरचा तापायचा वेळ वाचतो. एक बटाटा सालं काढून अख्खाच टाका, शेवटी तो कुस्करला की सूप मिळून येतं. झाकण लावा, लोवर आठ तास किंवा हायवर चार ते पाच. मध्ये झाकण उघडून ढवळायचं नाही. एकदा उघडलं की आतली वाफ जाते आणि पंधरा-वीस मिनिटं वाढतात. रूममेटला हे आधीच सांगून ठेवा.

मांस खात असाल तर इथली खरी पद्धत म्हणजे स्मोक्ड हॅम हॉक, डुकराच्या घोट्याजवळचा धुरावलेला तुकडा. दिसायला काही खास नसतो, जाड कातडी, हाड आणि शिरा, म्हणूनच स्वस्त असतो. पण आठ तासांत त्याच्यातलं जिलेटिन रश्शात उतरतं आणि पाण्याला अंग येतं. शेवटी बाहेर काढून कातडी-हाड टाकायचं, मांस सुटं करून परत घालायचं. डुक्कर चालत नसेल तर धुरावलेल्या टर्कीचा पंख किंवा तंगडी तसंच काम करते. हॉक घातलात तर वरून मीठ शेवटपर्यंत घालू नका, तो स्वतःच चांगला खारट असतो. शाकाहारी असाल तर एक छोटा चमचा स्मोक्ड पॅप्रिका, म्हणजे धुरावलेल्या लाल मिरचीची पूड घ्या, तिची एक डबी कित्येक महिने पुरते. कोळशाचा धुंगार द्यायचा विचार अपार्टमेंटमध्ये मनातही आणू नका. साध्या फोडणीनेही इथले अलार्म कोकलतात, धुंगाराला अख्खी इमारत रस्त्यावर येईल.

आंबट मात्र काहीही आधी घालायचं नाही. टोमॅटो, लिंबू, चिंच, आमसूल, व्हिनेगर, सगळं शेवटी. आम्लामुळे बीन्सची साल घट्टच राहते आणि स्लो कुकरसारख्या मंद आचेवर तर आठ तासांनंतरही दाणे कडक सापडतात. टोमॅटो हवाच असेल तर बीन्स पूर्ण शिजल्यावर घालून अर्धा तास हायवर ठेवा.

शिजलंय हे बघताना एकच दाणा खाऊन निकाल देऊ नका. भांड्याच्या वेगवेगळ्या भागांतून चार-पाच उचला. चमच्यात घेऊन फुंकर मारली की साल सुटून वर वळली पाहिजे, आणि जीभ टाळूला लावून दाबल्यावर दाणा लोण्यासारखा पसरला पाहिजे. एक दाणा नखाने दुभागून बघा, मध्ये पांढरा खडूसारखा ठिपका दिसला तर अजून तासभर. दुकानात फार काळ पडून राहिलेले बीन्स कधीकधी शिजतच नाहीत, सगळेच्या सगळे गणंग निघतात. त्यासाठी भिजवताना पाव चमचा खायचा सोडा घालता येतो, मिशिगनमध्ये बऱ्याच घरांत पाणी जड असतं तिथे तर उपयोग होतोच. पण त्याहून जास्त नको, साबणासारखी चव येते. आणि पिशव्या जिथे पटापट खपतात त्या दुकानातून घ्याव्यात, मेक्सिकन किराणा त्यात उत्तम.

झाल्यावर एक-दोन पळ्या बीन्स भांड्याच्या कडेलाच दाबून चिरडा आणि ढवळा. पाणी आणि दाणे वेगवेगळे दिसत होते ते एकजीव होतात.

आता फोडणी. इथे मी आग्रही आहे, कारण आठ तास मंद शिजलेल्या सुपाला खोली येते पण तरतरी राहत नाही, वास सगळा दिवसभरात घरात उडून गेलेला असतो. शेवटी काहीतरी तापलेलं, परतलेलं वरून पडलं पाहिजे. हे आपलंच खूळ समजू नका. वॉशिंग्टनमध्ये सिनेटच्या उपाहारगृहात बीन सूप रोज मिळतं, अनेक दशकांची प्रथा आहे. त्याची साधी कृती नेव्ही बीन्स, हॅम हॉक, कांदा, लोणी, मीठ, मिरी एवढीच. त्यातही कांदा लोण्यात तांबूस परतून सूप होत आल्यावरच घालतात. सिनेटर मंडळी बहुधा त्याला फोडणी म्हणत नसतील, पण आहे फोडणीच! मी कधी तशीच लोणी-कांद्याची देते, कधी दोन चमचे तेलात मोहरी, जिरं, भरपूर लसूण, हिंग आणि सुकी मिरची. हिंग विसरू नका, ज्यांच्यासोबत खोली वाटून घेता त्यांच्यासाठी तरी. मग मीठ चाखून, लिंबू पिळून, असली तर कोथिंबीर. गरम मसाला घालून त्याचा राजमा मसाला करायचा मोह आवरा. तो दाट, परतलेल्या मसाल्याचा पदार्थ आहे आणि या यंत्रात पाणचटच होतो.

शेगडीच नसेल, म्हणजे डॉर्ममध्ये नुसता स्लो कुकर असेल, तर राजम्याच्या भावंडांच्या वाटेला जाऊ नका. अख्खा मसूर किंवा वाटाण्याची डाळ घ्या. दोन्ही भिजवावी लागत नाहीत, उकळीची अडचण नाही, फोडणी सोडून बाकी सगळं वरच्यासारखंच. हिरव्या वाटाण्याची डाळ आणि हॅम हॉक हे तर इथलं जुनं लाडकं सूप आहे.

एवढ्यात सहा ते आठ मोठे बाउल भरून सूप होतं. हॉकसकट सगळा खर्च आठ-नऊ डॉलरच्या आत बसावा, शाकाहारी केलंत तर त्याच्या निम्म्यात. सोबत पाव किंवा मक्याचा ब्रेड, मी भातावरही घेते. उरलेलं कुकरच्या भांड्यात रात्रभर ठेवू नका. दोन तासांच्या आत उथळ डब्यांत काढून फ्रिजमध्ये टाका, तीन-चार दिवस टिकतं. फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने, फक्त डबा काठोकाठ भरू नका, गोठल्यावर फुगतं. परत गरम मात्र पातेल्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये करा, स्लो कुकरमध्ये नाही, त्याला तापायला फार वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी ते इतकं आळलेलं असतं की पळी उभी राहते. कपभर गरम पाणी घाला, मीठ पुन्हा चाखा आणि फोडणी ताजी द्या.